एज ऑफ एम्पायर्स आणि १६८९ चा डाव



इतिहासाच्या सदरात आज जरा वेगळ्या दारातून आत शिरू या. जायचं आहे रायगडावर आणि जिंजीला, पण सुरुवात करतो एका कॉम्प्युटर गेमपासून. आपल्यापैकी जे १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात इंजिनिअरिंगला होते, त्यांना रात्र रात्र चालणारे एज ऑफ एम्पायर्सचे डाव आठवत असतील. चार मशीन केबलने जोडायची आणि उद्या कोणाचं सबमिशन आहे, कोणाची व्हायवा आहे, हे सगळं विसरून एकमेकांची गावं जाळायची. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही, त्यांनी घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ‘वोलोलो’ म्हणजे काय एवढंच विचारावं. बहुतेक घरांत जेवण थंड होईपर्यंत उत्तर चालेल.

आजी-आजोबाही हा कार्यक्रम ऐकतात, म्हणून थोडक्यात सांगतो. बुद्धिबळात एक चाल तुमची, एक समोरच्याची. या गेममध्ये पाळी नावाचा प्रकारच नाही. दोघांचं घड्याळ एकदम चालू. तुम्ही डोकं खाजवत बसलात तरी समोरचा थांबत नाही. म्हणून याला रिअल टाइम स्ट्रॅटेजी म्हणतात. सुरुवातीला तुमच्याकडे एक टाउन सेंटर असतं, आपण त्याला गावची चावडी म्हणू, आणि तीन गावकरी. ते लाकूड तोडतात, शेती करतात, सोनं आणि दगड खणतात. त्यातून घरं उभी राहतात, मग बराकी, घोडदळ, किल्ले. आणि एवढं सगळं झालं की शेजाऱ्यावर चालून जायचं. १९९२ च्या ड्यून टू या गेमने ही चौकट बसवली आणि वॉरक्राफ्टने ती घरोघरी नेली. पण तिथे परग्रह होते, राक्षस होते. त्या चौकटीत खरा इतिहास बसवून तो जगभर पोहोचवला तो आपल्या शेजाऱ्यांनी.

शेजारी म्हणजे खरोखरचे शेजारी. फ्रिस्कोहून टोलवे धरून दक्षिणेला निघालात की अर्ध्या-पाऊण तासात जे डॅलस लागतं, त्या डॅलसमध्ये १९९५ साली एन्सेंबल स्टुडिओज नावाची कंपनी निघाली. टोनी गुडमन यांची आधीची कंपनी धंदेवाल्यांना सॉफ्टवेअर करून देणारी होती. म्हणजे हा कार्यक्रम ऐकणारे निम्मे लोक सोमवार ते शुक्रवार जे करतात तेच. त्यांना येऊन मिळाले ब्रूस शेली, ज्यांनी आधी सिड मायर यांच्याबरोबर सिव्हिलायझेशन हा गाजलेला गेम केला होता. १९९७ च्या ऑक्टोबरात पहिला एज ऑफ एम्पायर्स आला, १९९९ मध्ये दुसरा. २००१ साली मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली आणि २००९ च्या जानेवारीत ती बंद झाली. गेम मात्र बंद पडला नाही. २०१९ मध्ये दुसऱ्या भागाची नवी आवृत्ती निघाली आणि आज आपली मुलं तीच खेळतात. एका पिढीने हॉस्टेलवर खेळलेला डाव दुसरी पिढी इथे बेसमेंटशिवायच्या टेक्सासी घरात वरच्या गेमरूममध्ये बसून खेळते. फ्रिस्कोत २०१६ पासून राष्ट्रीय व्हिडिओगेम म्युझियमही आहे. पाहुणे आले की दाखवायला बरं पडतं. पाँगचा तो अवाढव्य संच पाहून सत्तरीचे आजोबासुद्धा खेळायला पुढे होतात.

या शेली साहेबांनी एक गोष्ट मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. अशा गेमसाठी फार खोल संशोधनाची गरज नसते, लायब्ररीच्या मुलांच्या विभागात मिळतात ती पुस्तकं बहुतेक वेळा सगळ्यात उपयोगी पडतात, असं त्यांचं म्हणणं. मला हे ऐकून राग आला नाही. उलट पटलं. पण त्यामुळे एक लक्षात ठेवायला हवं, की मुलांच्या पुस्तकातला इतिहास गेममध्ये गेला आणि तो तिथून परत मुलांकडेच आला. मधे कोणी शंका विचारायला थांबलं नाही.

आता मराठी मुलांचा ठरलेला प्रश्न. यात आपण का नाही? मराठे का नाहीत?

सरळ उत्तर सोपं आहे. दुसऱ्या भागाचा काळ साधारण १६०० पर्यंत येऊन थांबतो, म्हणजे शिवजन्माच्या आधी. २०२२ मध्ये त्यात भारताचा मोठा विस्तार आला, तेव्हा त्यातल्या भारताची बंगाली, द्रविड, गुर्जर आणि हिंदुस्तानी अशी चार राज्यं झाली, राजेंद्र चोळाची मोहीम आली. मराठ्यांचा काळ तिसऱ्या भागात यायला हवा होता, आणि तिथे २००७ पासून भारत आहेही, पण एकच सरसकट भारत, राजधानी दिल्ली. मराठे हवेच असतील तर ते दुसरीकडे सापडतात. २००९ च्या एम्पायर टोटल वॉरमध्ये ‘मराठा कॉन्फेडरसी’ घेऊन खेळता येतं. युरोपा युनिव्हर्सालिसच्या चौथ्या भागात मराठी मुलखातून सुरुवात करून मराठा राज्य घडवता येतं. तेव्हा नावापुरतं स्थान मिळालेलं आहे. टोटल वॉरची सुरुवात १७०० सालची आहे. त्या वर्षी मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि एप्रिलमध्ये सातारा औरंगजेबाच्या हाती गेला. त्या घडीला ‘कॉन्फेडरसी’ कुठली! शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांचं ते जाळं पुढच्या पिढीत विणलं गेलं. पण असो.

मला जे सांगायचं आहे ते नावाबद्दल नाही. समजा उद्या कोणी मराठे या गेममध्ये घातले, अगदी अभ्यास करून, घोंगडी-भाल्यासकट घातले. तरी गेमच्या नियमांप्रमाणे ते १६८९ साली हरलेले असतील.

एज ऑफ एम्पायर्समध्ये एक प्रकार आहे, रेजिसाइड. प्रत्येकाचा एक राजा असतो. राजा मेला की तुमचा खेळ खलास, मग बाकी कितीही फौज शिल्लक असो. आता १६८९ चं वर्ष बघा. फेब्रुवारीत संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले, ११ मार्चला त्यांची हत्या झाली. नोव्हेंबरात रायगड झुल्फिकारखानाच्या ताब्यात गेला. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू कैदेत. विजापूर १६८६ मध्ये पडलं होतं, गोवळकोंडा १६८७ मध्ये. दोनशे वर्षांच्या आसपासच्या या दोन सल्तनती राजधानी पडताच संपल्या होत्या, गेममध्ये संपतात तशाच. म्हणजे औरंगजेबाने जो हिशेब मांडला होता, तो त्याच्या अनुभवाला धरूनच होता. राजा नाही, राजधानी नाही, खजिना नाही. स्क्रीनवर ‘तुम्ही विजयी झालात’ अशी अक्षरं यायला हरकत नव्हती.

ती आली नाहीत. पुढे अठरा वर्षं लढाई चालली आणि १७०७ च्या मार्चमध्ये अहमदनगरजवळच्या छावणीत बादशहाच वारला. १६८१ साली उत्तरेतून दख्खनकडे निघालेला माणूस परत गेलाच नाही. खुलदाबादला त्याची कबर आहे.

हे कसं झालं, ते जरा थांबून बघू. एक छोटा सांगीतिक विराम.

(संगीत)

पहिली गोष्ट, राजधानी चालती झाली. राजाराम महाराज एप्रिल १६८९ मध्ये, रायगडाचा वेढा पुरता आवळण्याआधी निसटले. प्रतापगड, पन्हाळा करत, पुढे बेदनूरच्या राणी चेन्नम्माच्या मुलखातून तिच्या मदतीने वाट काढत नोव्हेंबरात जिंजीला पोहोचले. आजच्या तमिळनाडूतला हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतला होता. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातला महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. मुघल फौज तिथेही गेली, आणि वेढा आठ वर्षांच्या आसपास रेंगाळला. झुल्फिकारखान मुद्दाम वेळ काढतोय, असा संशय त्या काळातही लोक बोलून दाखवत. १६९८ च्या सुरुवातीला जिंजी पडली तेव्हा महाराज तिथून आधीच निसटलेले होते.

दुसरी गोष्ट मला, मॅनेजमेंट शिकलेला माणूस म्हणून, जास्त महत्त्वाची वाटते. मागे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकुमतपनाह’ करून पूर्ण अधिकार दिले होते. जिंजीला विचारून उत्तर येईपर्यंत महिने जाणार, तेव्हा विचारत बसू नका, निर्णय घ्या. शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक हे गड सांभाळत आणि गेलेले परत घेत होते. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव महाराष्ट्र ते कर्नाटक घोडदळ फिरवत होते. गेममध्ये एकच खेळाडू, एकच माउस आणि वरून दिसणारा सगळा नकाशा असतो. इथे पाच-सहा माऊस एकाच बाजूकडून चालत होते आणि एकाचा पडदा दुसऱ्याला दिसत नव्हता. तरी डाव जमत होता.

संताजींचं दोड्डेरीचं युद्ध याचा नमुना आहे. १६९५ साल, चित्रदुर्गच्या बाजूला. कासिमखान नावाचा मोठा सरदार फौज घेऊन चालला होता. त्याचे तंबू आणि सामान रिवाजाप्रमाणे एक मजल पुढे गेलेलं. संताजींनी फौजेचे तीन भाग केले. एकाने पुढचं सामान गाठलं, दुसऱ्याने मदतीला धावणाऱ्या फौजेला अडवलं, तिसरा राखीव ठेवला, आणि तो मागे राहिलेल्या मुख्य छावणीवर जाऊन पडला. खानाने दोड्डेरीच्या गढीचा आसरा घेतला. आत धान्य संपलं. शेवटी मोठी खंडणी ठरवून बाकीचे सुटले, खान स्वतः तिथेच मेला. आपली मुलं हे ऐकून डोळे मोठे करतात, कारण यातला प्रत्येक डावपेच त्यांनी कधी ना कधी कोणावर तरी केलेला असतो. समोरच्याचे गावकरी मारा, सामान मारा, सैन्याशी भिडायची घाई नको. ही समज त्यांना गेमने दिली आहे, आणि ती मी कमी लेखणार नाही. घोडा घेतला तर किल्ल्याला पैसे उरत नाहीत, हे दहा वर्षांचं पोर न शिकवता सांगतं. आम्हाला चौथीच्या पुस्तकात लढायांच्या तारखा होत्या. घोड्यांना दाणा कुठून आला, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि इथे मामला तितका सोज्वळ नाही. खजिना रिकामा असताना सरदार टिकवायचे कसे? बादशहा मनसबी वाटत होता, आणि पुष्कळ मराठे सरदार तिकडे गेलेही. राजाराम महाराजांनी उलट बोली लावली. १६९१ चं एक पत्र आहे, हणमंतराव घोरपड्यांना दिलेलं. रायगड घेतलात की इतकं, विजापूर घेतलंत की इतकं, मग भागानगर, मग औरंगाबाद, आणि मोठा वाटा दिल्ली घेतल्यावर! स्वतः जिंजीत कोंडलेला राजा दिल्लीची जहागीर लिहून देतोय. आपल्या धंद्यातले लोक लगेच ओळखतील. कंपनीकडे रोख नाही, म्हणून टप्प्याटप्प्याने मिळणारे शेअर वाटायचे. ज्याच्या हातात शेअर आहे, तो कंपनी बुडू देत नाही. शिवाजी महाराजांचं धोरण याच्या बरोबर उलट होतं, रोख पगार, जहागिरी शक्यतो नाहीत. बापाने मुद्दाम बंद केलेलं दार मुलाने नाइलाजाने उघडलं. त्याने राज्य वाचलं, आणि पुढे शंभर वर्षं प्रत्येक सरदाराचं आपापलं राज्य होऊन बसलं, त्याचं मूळही इथेच आहे. शिवाय हे सरदार आपसांतही भांडले. दोड्डेरीनंतर दोन वर्षांच्या आत, १६९७ मध्ये, संताजी मारले गेले ते धनाजींशी झालेल्या वितुष्टातून, आपल्याच माणसांच्या हातून.

आणि गड. गेममध्ये किल्ला फोडता येतो, विकत घेता येत नाही. औरंगजेबाने १६९९ नंतर म्हातारपणी स्वतः जातीने गड घेण्याची मोहीम काढली, आणि त्यातले बरेच गड फोडून नाही, पैसे मोजून घेतले. साताऱ्याला सुरुंग लावला तर स्फोटात त्याचीच माणसं शेकड्यांनी गाडली गेली. खेळणा, म्हणजे विशाळगड, १६०० मध्ये नव्हे, ऐन १७०२ च्या पावसाळ्याच्या तोंडावर किल्लेदाराला रक्कम देऊन मिळवला. मग परत फिरताना सह्याद्रीचा पाऊस लागला. तीस मैलांच्या आसपासचं अंतर, पन्हाळ्यापर्यंतचं, कापायला महिन्यावर दिवस गेले. हत्ती, उंट, तोफा चिखलात. गेममध्ये पावसाळा नसतो, हे कोकणातल्या माणसाला पहिल्याच दिवशी खटकायला हवं. आणि एवढं करून घेतलेला गड बादशहाची पाठ वळली की मराठे परत घेत. किल्लेदाराला एकाच गडाचे पैसे मिळाले आणि गडही परत आला. हिशेब कोणाला परवडला ते उघड आहे.

हे सगळं ऐकताना छाती फुगते. पण गेम ज्या गोष्टीकडे सगळ्यात कमी बघतो, ती इथे सांगितलीच पाहिजे. गेममधला गावकरी पन्नास अन्नात तयार होतो. मेला तर दुसरा. दख्खनच्या रयतेने ही सत्तावीस वर्षं दोन्ही फौजा पोसल्या. मुघलांची छावणी म्हणजे चालतं शहर, ज्या वाटेने जाई तिथलं शेत, चारा, झाडं संपवत जाई. मराठी फौजाही चौथाई मागत आणि शत्रूला मिळू नये म्हणून मुलूख उजाड करत. १७०२ ते १७०४ या काळात दुष्काळ आणि साथीने दख्खनमध्ये माणसं भयंकर संख्येने मेली. हे स्वातंत्र्ययुद्ध कोणाच्या पोटातून लढलं गेलं, तर त्यांच्या.

शिवाजी महाराजांना ही धास्ती आधीपासून होती. राज्याभिषेकाच्या सुमाराचं त्यांचं एक पत्र प्रसिद्ध आहे, चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना लिहिलेलं. त्यात दाणा-चारा पावसाळाभर पुरवून वापरा, आत्ताच उधळलात तर पुढे घोडे उपाशी मरतील आणि तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, मग लोक म्हणतील याहून मुघल बरे, असं बजावलं आहे. इतकंच नाही, रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत तपशील आहे. एखाद्या राजाला उंदराची काळजी का असावी? कारण ते गवत परत उगवायला पुढचा पावसाळा लागतो, आणि तोवर ते कोणाच्या तरी शेतातून ओढून आणावं लागेल.

झाडांचंही तसंच. एज ऑफ एम्पायर्समध्ये पहिली दहा मिनिटं सगळं लक्ष लाकडावर असतं. झाड दिसलं की तोडा, ते कोणाचंच नसतं. त्याच रामचंद्रपंत अमात्यांनी, ज्यांनी राजधानीशिवाय राज्य चालवलं, म्हातारपणी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिलं. त्यात आरमारासाठी लाकूड कसं आणावं ते आहे. साग वगैरे जे लागेल ते परवानगीने तोडावं. आंबा, फणस उपयोगाचे असले तरी त्यांना हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं अगदी जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. हे वाचून दाखवल्यावर आमच्याकडच्या एका चाणाक्ष मुलाने विचारलं, मग गेममध्ये प्रत्येक झाडाला मालक का नाही? मला हा प्रश्न ‘मराठे का नाहीत’ यापेक्षा फार वरचा वाटतो.

ज्यांना हात घालून बघायचं आहे त्यांच्यासाठी, या गेमबरोबर पहिल्या भागापासून सिनॅरिओ एडिटर येतो. नकाशा तुम्ही काढायचा, अटी तुम्ही घालायच्या. १६८९ करायचं तर राजा गेला तरी डाव चालू राहील अशी अट घाला, टाउन सेंटर अजिबात देऊ नका, आणि जिंकणं म्हणजे ठरावीक वेळ टिकून राहणं असं ठेवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन भावंडांना पुरेल एवढं काम आहे.

आणि दिवाळीत मातीचा किल्ला आहेच. उत्तर टेक्सासची ही काळी चिकट माती, उन्हाळ्यात घराचे पाये हलवते म्हणून आपण तिला शिव्या देतो, पण किल्ल्याला तिच्यासारखी माती नाही, थेट आपल्या कापसाच्या रानातली वाटते. या खेपेला मुलांना एक काम जास्त द्या. गेममध्ये किल्ल्याला ६५० दगड लागतात, पाणी लागत नाही. आज्ञापत्र म्हणतं, गड बांधण्याआधी पाणी बघा, नसेल आणि जागा हवीच असेल तर खडक फोडून टाकी करा, आणि एका झऱ्यावर विसंबू नका, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात. तेव्हा बुरुज आणि मावळे झाले की वरच्या अंगाला दोन टाकी खणायला सांगा, एक पुरणार नाही.